पडवीची परवानगी

"पडवीचा अर्ज नामंजूर झालाय ना, बाई? मग हे काय?" नगरपालिकेच्या साहेबांनी दारापुढच्या बांबूला हात लावून विचारलं.

"लग्नाचा मांडव आहे. त्याला कसली परवानगी?" चंद्रकलाबाई शांतपणे म्हणाल्या. नवऱ्यामागे त्या एकट्याच राहत. शेजारचे विधुर सबनीस रोज चहाला येत, पण घरात बसले तर लोक नावं ठेवतील म्हणून दोघं बाहेर उन्हातच बसत. पडवी हवी होती ती सबनिसांच्या टकलासाठी.

"तुम्हाला मूलबाळ नाही. लग्न कुणाचं?"

"माझं."

खुर्चीवरच्या सबनिसांचा कप बशीत खडखडला. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"मुहूर्त कधीचा?" साहेब हटेनात.

आता मात्र चंद्रकलाबाई अडखळल्या. सबनिसांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला.

"ते आम्ही वरपक्षाकडून कळवू, साहेब."