दुसरबीडची चौकशी

‘‘काका, जरा सरका, नाहीतर मी मरतो!’’

भगवानराव दचकून सरकले. टीव्ही आणि त्या पोराच्या मध्ये त्यांचा फेटा येत होता. बाकाच्या कडेला टेकून ते सहदेवला बेतानं न्याहाळू लागले. त्याला पाहायलाच ते सुलतानपूरहून दुसरबीडच्या या गेमच्या दुकानात आले होते. सहदेवला यातलं काही ठाऊक नव्हतं. टीव्हीवरचं त्याचं विमान वाचलं होतं, तेवढ्यावर तो खूश होता.

भगवानरावांची एकुलती एक कोकिळा लग्नाची झाली होती. मध्यस्थ रंगराव स्टँडवरच्या हॉटेलात बसून होता. भगवानरावांनी मान डोलावली की उद्या सुपारी फुटणार होती. पण चौकशी न करता पोरगी द्यायला ते काही दुधखुळे नव्हते. सकाळपासून न्हावी झाला, पानवाला झाला, सहदेवच्या शेजारची म्हातारीसुद्धा झाली. बी-खताचं चालतं दुकान, ओलिताची शेती, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. तारीफ करून झाली की प्रत्येक जण आवाज खाली आणायचा. ‘‘घरात लग्नाची बोलणी चालू हायेत, अन् हा गेमच्या दुकानात बसून राह्यला.’’

दारू, जुगार भगवानरावांना कळत होता. टीव्हीवरचे हे गेम दुसरबीडात नुकतेच आले होते. हा नाद कशात मोडतो, हेच त्यांना कळेना. म्हणून ते जातीनं येऊन बसले होते.

‘‘लई भारी दिसते हा गेम,’’ त्यांनी खडा टाकून पाहिला.

‘‘काहाचा भारी, काका? नुसत्या गोळ्या झाडत सुटाचं. खाली कोण राहते, त्याचा पत्ता नाही.’’ पोराला कुणीतरी विचारणारं हवंच होतं. ‘‘तो मोटारीचा त त्याहून बेकार. गाडीले ब्रेकच नाही! आपली एसटी बरी. हा भिंत फोडाचा मात्र झकास. एकेक वीट पाडाची. घाई केली की चेंडू गेलाच समजा.’’

भगवानरावांना हसू आलं. पोरगा गेमबद्दल बोलत होता, पण बोलणं एखाद्या पोक्त माणसाचं होतं.

‘‘अन् तो राजकन्येचा? पोट्टे त्याच्यावरच तुटून पडतात म्हणे.’’

‘‘तो मी सोडला.’’ सहदेवनं हातातली गेमची दांडी खाली ठेवली. ‘‘शेवटपर्यंत गेलतो. खंदक ओलांडले, राक्षस मारला. वर माडीवर पाहतो त ते राजकन्या नुसती उभी. आला कोणी, की निघाली त्याच्यामागं. तुले यायचं हाय का, हे तिले कोणी पुसलंच नाही! मले काही पटलं नाही बुवा.’’

सारं दुकान खो खो हसलं. भगवानरावही हसले. मग उठून थेट हॉटेलात गेले आणि रंगरावाला म्हणाले, ‘‘पोरगं हिरा हाय. उद्या सुपारी फोडू.’’

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. वाऱ्यानं डोळा लागायला हवा होता, पण लागेना. अख्ख्या दुसरबीडला विचारून झालं होतं. आपल्या घरातल्या पोरीला मात्र त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

कोकिळा ओसरीवर तूर निवडत होती. ते तिच्यासमोर खालीच बसले.

‘‘बेटा, पोरगं चांगलं हाय. पण तुले कराचं हाय का लग्न?’’

‘‘पोरीले काय इचारता?’’ आतून तिची आई रुखमाबाई म्हणाली.

कोकिळेचे हात थांबले. बाप चेष्टा तर करत नाही ना, म्हणून तिनं आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

‘‘बाबा, खरंच पुसून राह्यले? मंग आत्ता नको. मले नर्सच्या ट्रेनिंगले जायचं हाय.’’

 असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नव्हता. पण विचारायचं आणि उत्तर ऐकायचं नाही, हे भगवानरावांना जमेना. ‘‘बरं,’’ एवढंच ते म्हणाले.

रंगरावानं दुसऱ्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला. ‘‘पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतो. सारे तेच सांगतात.’’

‘‘त्या पोराशी खोटं नाही बोलायचं. मी सांगतो,’’ भगवानराव म्हणाले, आणि पुन्हा दुसरबीडला गेले.

सहदेव त्याच बाकावर होता. भगवानरावांनी आपण कोण ते सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. तो चटकन उठून उभा राहिला.

‘‘बस बापा. मी नाही म्हणायले आलो.’’

‘‘आमच्यात काही कमी दिसलं का?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘मंग ह्या गेमपायी?’’

‘‘हाव. गेमपायीच.’’ भगवानराव बाकाच्या कडेला टेकले. ‘‘तू त्या राजकन्येचं बोलला, म्हणून म्या घरी जाऊन पोरीले पुसलं. तिले आत्ता लग्न नाही कराचं. ट्रेनिंगले जायचं म्हणते. तुह्या मनाले लागलं असंल, त मले माफ कर.’’

 सहदेव बाकावर बसला आणि एकदम हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बाहीनं पुसून तो म्हणाला,

‘‘काका, आमच्या घरी मलेही कोणी पुसलं नव्हतं.’’