दोन तासांतली अकरा मिनिटं

"निवेदकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेव गं. एकदा गाण्यात मिसळला की ब्रह्मदेवालाही काढता यायचा नाही," निवृत्त होताना रेडिओ स्टेशनच्या इंजिनिअरने रेकॉर्डिंगचं काम तिच्याकडे सोपवत बजावलं होतं. तिने हसण्यावारी नेलं. दुप्पट काम कोण करणार?

आता स्क्रीनवर काकांचा दोन तासांचा कार्यक्रम होता. सगळं स्टेशन त्यांना काकाच म्हणायचं. गाण्याची सुरुवातीची सुरावट वाजत असतानाच ते बोलायचे, आणि शब्द येताच थांबायचे. गेल्या महिन्यात ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढली. घरात एकटेच. त्यांनी कागदावर लिहून एवढंच मागितलं होतं : माझे कार्यक्रम डाउनलोडला ठेवा. मला माझा आवाज ऐकायचाय.

"रेडिओवर वाजवायची परवानगी आहे, डाउनलोडची नाही," गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या. "गाण्याचा एक सूरही राहता कामा नये."

"पण त्यावर काका बोलतायत."

"मग काकाही जातील."

"त्यांना एकट्याला न कापलेलं पेनड्राइव्हवर दिलं तर?"

"पदरात पोर आहे ना तुझ्या? मग हे नसते उद्योग कशाला?"

तिने कापायला घेतलं. सुरावटींबरोबर टॅक्सीवाल्याचा किस्सा गेला. बायकोचं नाव घेताना अडखळणं गेलं. ते गडगडाटी हसणं गेलं. अकरा मिनिटं उरली : किती वाजले, तापमान किती, स्टेशनचा फोन नंबर.

तिने काकांना लिंक पाठवली. थोड्या वेळाने उत्तर आलं.

"ऐकलं. डॉक्टरांपेक्षा सफाईने कापलंस, पोरी."

ही परवाची गोष्ट. त्यानंतरचे तिचे सात मेसेज त्यांनी उघडलेलेच नाहीत. तिच्या लेकीला गोवर आलाय, घरातून हलता येत नाही. ऑफिसात म्हणतात, "रुसलेत. येतील ताळ्यावर."

आज लेकीला मांडीवर घेऊन, एका हाताने, तिने स्टेशनच्या वेबसाइटवर, काकांच्या कार्यक्रमाच्या डाउनलोडच्या बटणाखाली टाइप केलं :

"ऐकणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी काकांच्या बिल्डिंगमध्ये राहत असाल, तर कृपा करून आत्ताच वर जाऊन बघा. नुसती हाक मारून परत फिरू नका. त्यांना ओ देता येत नाही. दार ढकला."