बिथरण्याची वही

टेबलावर कुत्रा लोळागोळा होऊन पडला होता. त्याची लाळ बुटांवर पडू नये म्हणून मालक दोन पावलं लांब उभा होता.

"शांत राहायची गोळी एकच सांगितली होती ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकीने काय होतंय, मॅडम? दिसेल तिथे मुततो हा! मीच तीन-तीन चारल्या," तो वर तोंड करून म्हणाला. "आता जरा जालीम द्या काहीतरी."

"श्वास बंद पडला असता त्याचा!" बाईंना मालकाकडे बघूनच शिसारी आली. "गोळी कधी दिली, तो कशाने बिथरला, हे वहीत लिहायला सांगितलं होतं. वही कुठंय?"

"बायको लिहिते. असली रिकामटेकडी कामं मला नाही जमत." वही उघडूनही न बघता त्याने पुढे सरकवली.

बारीक, नेटकं अक्षर होतं.

'सोमवार, संध्याकाळी सात. हे घरी आले. कुत्रा थरथरत पलंगाखाली.

मंगळवार, सात. हे आले. पलंगाखाली.

बुधवार. हे आले. पलंगाखाली.

गुरुवार. हे परगावी. सांगितलेली एकच गोळी दिली. कुत्रा दिवसभर निवांत झोपला. मीही.'