मास्तरांचं ओलं धोतर

२०२४ सालच्या मे महिन्यात देवबागचे गुरुदास मास्तर एका दुपारी अकरा वेळा खाडीत बुडाले, आणि अकराही वेळा धोतरामुळे.

बुडत होता तो संगणकाच्या पडद्यावरचा वीर. पण नाक मास्तरांचं होतं आणि नावही गुरुदासच. त्यांची नात तेजस्वी पुण्याच्या एका कंपनीत असले खेळ बनवायची. नवा खेळ राक्षसांचा, उडत्या घोड्यांचा. कपडा मात्र त्यात खऱ्यासारखाच भिजला पाहिजे, असा कंपनीचा हट्ट होता. सूत किती पाणी पितं, लोकर किती जड होते, कुठल्या उन्हात काय किती वेळात वाळतं, हे सगळं तेजस्वीनं गणितात बसवलं होतं. आठ दिवसांवर आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. जमलेल्या गोतावळ्याला ती मोठ्या टीव्हीवर आजोबांचा पराक्रम दाखवणार होती.

तो पराक्रम गावात सगळ्यांना तोंडपाठ. आजीचे, म्हणजे सत्यवतीबाईंचे वडील, बाबू तांडेल, खाडीपलीकडचे. जन्म गलबतावर गेलेला. शाळेत फळ्यावर लिहिणारा जावई त्यांना नको होता. "पाण्याक भियता तेका मी चेडू देवचंय नाय," असं त्यांनी मुलगी मागायला आलेल्या मास्तरांना तोंडावर सांगितलं. मग एका सकाळी मास्तर भरतीची खाडी पोहून, निथळत्या धोतरानं त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. सत्यवतीनं कोरडा पंचा पुढे केला, ओलं धोतर आत नेलं, पिळून दोरीवर टाकलं. जेवणं झाल्यावर तांडेल उठले आणि वाळलेलं धोतर चिमटीत धरलं. पापडासारखं ताठ. बोटांना पांढरं मीठ लागलं. त्यांनी बोट जिभेवर ठेवलं नि म्हणाले, "खाडयेचाच पाणी. चेडू दिलंय."

ही गोष्ट सांगून झाली की मास्तर दरवेळी एक तक्रार जोडत. "सगळा बरा झाला, पण सासुरवाडीची पयली आमटी, तिसऱ्या-शिंपल्यांची, एकदम आळणी! लाजेन बोललंय नाय."

"त्या दिवशी माझा लक्ष जाग्यार होता काय?" सत्यवतीबाई म्हणत, आणि सगळे हसत.

"परत बुडला," तेजस्वी म्हणाली. "आजोबा, मधल्या धारेत धोतर सुटतं नि पायांत गुंडाळतं. तुम्ही नेमके पोहलात कसे?"

"कासोटो घट्ट मारललंय गो."

तिनं कासोटा घट्ट केला. बुडला.

"मलमलीचा होता ता."

मलमल घातली. वीर बुडलाच, शिवाय धोतर त्याच्या आधी समुद्राला लागलं.

"शी! मास्तराचो हो अवतार पावण्यांका दाखवतलंस?"

"मग धोतर डोक्याला बांधून पोहलात का?"

"मगे ता भिजला कसा?" आतून तांदूळ निवडता निवडता सत्यवतीबाईंनी विचारलं.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. माडाचा वारा चांगला सुटलेला असताना.

दुसऱ्या सकाळी ते तेजस्वीला किनाऱ्यावर घेऊन गेले. ती गुडघाभर पाण्यात उतरली. मास्तर कोरड्या वाळूत उभे.

"गो, माका पोवाक येणा नाय."

"काय?"

"येस्टीन कुडाळाक वळसो घालून गेलंय. तेंच्या परसातल्या बावीवर तीन कळशे अंगार वतून घेतलंय, नि अंगणात जाऊन उभो रवलंय."

तेजस्वी हसता हसता पाण्यात बसलीच. मग एकदम थांबली. "पण मीठ? विहिरीच्या पाण्यानं धोतर ताठ कसं झालं?"

"भरतीचा पाणी बावीत पाझारला आसतला. माझा नशीब!" मास्तर खाली बघत राहिले. "तुझी आजी पन्नास वर्सां त्याच पोवण्यार भाळलली आसा. तिका कळला तर माझा काय रवला?"

तेजस्वीनं शब्द दिला. त्या संध्याकाळी तिनं गुपचूप एका माणसापुरतं धोतर हलकं केलं.

लग्नाच्या वाढदिवसाला वीर खाडी पोहून गेला. टाळ्या पडल्या. मास्तरांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. सत्यवतीबाई चष्मा वर करून पडद्याजवळ गेल्या.

"सगळा बरा हा. पण खाडयेतसून इलेल्याचा धोतर सुकल्यार इतका मऊ? खाराट पाणी सुकला की कपडो ताठ रवता. ता बदल."

तेजस्वीनं ते बदललं. कंपनीनं पुढे अख्ख्या खेळात गोडं पाणी आणि खारं पाणी वेगळं केलं. खेळ पुढच्या वर्षी बाजारात आला, खेळणाऱ्यांनी नेमकं तेच वाखाणलं आणि तेजस्वी तिच्या विभागाची प्रमुख झाली. बाबू तांडेल तर केव्हाच गेले होते. जाईपर्यंत ते बंदरावर सांगत असत, की आपला जावई मास्तर असला तरी पाण्यातला आहे. मास्तर अजून घोट्याच्या वर समुद्रात जात नाहीत. एकदा पुरे झालं, म्हणतात.

त्या दिवाळीत सत्यवतीबाई नातीला घेऊन माहेरी गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट विहिरीवर उघडत होती. तेजस्वीनं कळशी ओढली आणि ओंजळभर पाणी प्यायली. शहाळ्यासारखं गोड.

"आजी, ही विहीर कधी खारट व्हायची?"

"आमची बाव? कधीच नाय." सत्यवतीबाईंनी खिडकीतून बाहेर बघत पदराला हात पुसले. "त्या दिवशी घरात मीठ मूठभरच होता गो. आमटीत घालतलंय, की तेंच्या धोतरात?"