राणीच्या डावीकडे

"राणीच्या दरबारात तू उभी होतीस म्हणे. आज बघतेच," असं म्हणत सासूने सगुणाला जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत आणून बसवलं. लग्नाआधी सगुणाने खरंच या सिनेमात काम केलं होतं, राणीच्या डावीकडे, अगदी कडेला उभं राहून चवरी ढाळली होती. ते उघड झालं तर माहेरची वाट धरावी लागणार होती.

पडद्यावर दरबाराचा प्रसंग येणार तोच यंत्रवाल्याने लोकांना खूश करायला दुसरं भिंग लावलं. चित्र एवढं मोठं झालं की राणी पडदाभर झाली आणि कडेचं सगळं पडद्याबाहेर सांडलं. तंबूत शिट्ट्या घुमल्या.

"लोकांच्या जिभेला हाड नसतं बाई. चल," सासू उठत म्हणाली.

सगुणा सुटली होती. तरी ती हलली नाही. पडद्याशेजारच्या मळक्या कनातीवर तिचा फिकट हात अजून चवरी ढाळत होता, आणि तिकडे कुणीच बघत नव्हतं.