नक्कल केलेला रिमोट

बायकोने, मुक्ताने, केलेल्या मारहाणीच्या तक्रारीवरून कोर्टाने श्रीरंगला घराबाहेर काढलं, त्याच दिवशी तिने बंगल्याची सगळी कुलुपं बदलली. गॅरेजच्या शटरचे दोन्ही रिमोट तिच्याकडेच होते. पण त्या जुन्या शटरचा कोड कधीच बदलत नाही आणि रिमोटची नक्कल चावीवाल्याकडे सहज करून मिळते, हे तिला ठाऊक नव्हतं. श्रीरंगला होतं; त्याने एक नक्कल आधीच करून ठेवली होती.

भर दुपारी शटर घरघरत वर गेलं. मुक्ता गॅरेजमध्ये धावली, तोवर तो आत आला होता. त्याने तिचे केस धरून तिचं तोंड गाडीच्या बॉनेटवर आपटलं.

"माझ्याच घरातून मला काढतेस?"

तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. तो तिचा गळा आवळू लागला.

"सोड तिला!" त्याच्या आई, इंदुमतीबाई, घरात उघडणाऱ्या दारातून ओरडल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

मुक्ताचे डोळे पांढरे होऊ लागले. इंदुमतीबाईंनी जॅकची लोखंडी दांडी उचलली आणि त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं. तो किंचाळला, पण दुसऱ्या हाताने त्याने पुन्हा मुक्ताचा गळा धरला. मग त्यांनी पोटच्या पोराच्या डोक्यात दांडी घातली.

पोलीस आले तेव्हा त्या फरशीवर बसल्या होत्या. बेशुद्ध श्रीरंगचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि त्याच्या जखमेवर पदर गच्च दाबून धरलेला होता.

"कोणी मारलं?"

"मी," त्या म्हणाल्या. "आधी हिला दवाखान्यात न्या. मग ह्याला."