दगडाची उजवी बाजू

छिद्राचा व्यास शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर होता. एका बाजूला त्याची कड किंचित उचललेली होती, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. दोब्रिलाने बिअरच्या डब्यातून कापलेला तो पत्रा पॉलिश पेपरवर दोनदा फिरवला, छिद्रातून सुईचं टोक घालून काढलं आणि शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा सरकवला. हा नववा पत्रा होता. आता त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वहिनी, ईस्टरपासून चाललंय हे," फाटकातूनच तिचा दीर वितोमिर म्हणाला. "एवढ्या वेळात लोक घर बांधतात, त्यात राहतात आणि भांडून वेगळेही होतात. माझ्या फोनवर एका सेकंदात निघेल फोटो."

"फोनमध्ये नाक मोठं येतं."

"थडग्यावर नाक मोजायला कोण येणार आहे?"

तिच्या नवऱ्याच्या, ल्युबिशाच्या, थडग्याचा काळा दगड सहा वर्षं अर्धाच भरलेला होता. डावीकडे त्याचा चेहरा आणि त्याची दोन सालं. उजवीकडे दोब्रिलाचा चेहरा, जन्मसाल आणि पुढे मरणसालासाठी एक आडवी रेघ यायची होती. गावातल्या इतर विधवांचे चेहरे असेच नवऱ्याशेजारी आधीच कोरून ठेवलेले होते. दगड कोरणाऱ्याला चेहऱ्याच्याच मापाचा फोटो हवा होता, आणि दोब्रिलाने तो स्वतः काढून देईन असं सांगितलं होतं.

"चारला येतो," वितोमिर म्हणाला. "उद्या पितरांचा शनिवार, सगळं गाव थडग्यांवर जमेल. फोटो दिलाय एवढं तरी लोकांना सांगता येऊ दे."

तो गेल्यावर तिने पत्रा पेटीला चिकटवला. पेटी म्हणजे तिचा बिनभिंगाचा कॅमेरा: शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाचा जुना खण, आतून काळा रंगवलेला. तळघरात लाल दिव्याखाली तिने मागच्या बाजूला फोटोचा मोठा कागद बसवला, पेटी बंद केली आणि ती दोन्ही हातांनी धरून वर आणली.

खिडकीत, उद्या थडग्यांवर न्यायच्या शिजवलेल्या गव्हाचे दोन वाडगे निवत ठेवले होते. एक ल्युबिशाचा. दुसरा घेऊन ती दर वर्षी पहिल्या बसने नदीपलीकडे माहेरी जायची. तिथे तिची बारा दिवसांची मुलगी पुरलेली होती. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली, म्हणून तिला दफनभूमीत जागा नव्हती, दगडही नव्हता. दुसरा वाडगा कुठे जातो, हे सासूने एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं.

सासू, स्तामेना, नवा रुमाल बांधून अंगणातल्या खुर्चीवर बसलीच होती.

"आधी माझा काढ. ओळखपत्रावर मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. मेले की मृत्यूच्या पत्रकावर तोच फोटो छापून गावभर खांबांवर चिकटवतील."

"पाच मिनिटं हलायचं नाही, आई. बोलायचंही नाही."

"बघू. लवकरच कायमचं जमवायचंय."

ढग पातळ होते, उजेड सारखा होता. दोब्रिलाने पेटी स्टुलावर ठेवली, वर वीट ठेवली, छिद्रावरचं झाकण उचललं आणि घड्याळाकडे पाहू लागली.

स्तामेना खरंच हलली नाही. फक्त पापण्या मिटत होत्या. तेवढं चालतं, कागदावर ते उमटत नाही.

दोन मिनिटं झाली.

"मी तिचं नाव ठेवलं होतं," दोब्रिला घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "कालिना."

स्तामेनाचे गुडघ्यांवरचे हात होते तिथेच राहिले.

"कानाच्या पाळ्या तुमच्यासारख्या होत्या. गालाला चिकटलेल्या. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. तुम्ही म्हणालात, दुसरं होईल, या घरात हिचा विषय नको. मी काढला नाही. दुसरंही झालं नाही."

साडेतीन मिनिटं. पुढचं वाक्य तयार होतं. दगड उभा राहिला त्या दिवसापासून ते तयार होतं. तिने वर पाहिलं. म्हातारीने सांगितल्याप्रमाणे ओठ घट्ट मिटून धरले होते. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला हे ऐकवणं दोब्रिलाला बरोबर वाटेना. ती पुन्हा घड्याळाकडे पाहू लागली. तीनशे सेकंद भरले तेव्हा तिने झाकण लावलं.

"झालं, आई. आता हला. काय बोलायचं ते बोला."

स्तामेना हलली नाही.

"अर्धवट का थांबलीस?" ती म्हणाली. "पुढचं सांग."

"वितोमिर चारला येईल."

"त्याचं तो बघेल. तू सांग."

दोब्रिलाने विटेवर हात ठेवला. "मी गेल्यावर मला..."

"तिथे," स्तामेना म्हणाली. "दफनभूमीच्या भिंतीबाहेर. त्या जंगली नाशपातीखाली. होय ना?"

नाशपातीच्या झाडाबद्दल दोब्रिलाने या घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते माहीत असायला सासू कधीतरी तिथे जाऊन आलेली असायला हवी.

"होय," ती म्हणाली. "त्या दगडाची उजवी बाजू कोरीच राहील, आई. मला कालिनाजवळ पुरायचं."